गाजरगवतावरील मेक्सिकन भुंग्यांमधील रंगभेद आणि शरीररचनेतील फरक: वर्णन कसे करावे?

कयाधूकाठ (हिंगोली), प्रश्न

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे आणि माझ्या प्रकल्पासाठी गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगा, म्हणजेच झायगोग्रामा बायकोलोराटा, निवडला आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून हिंगोली-औंढा रस्त्याच्या कडेला, वसमतकडे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याच्या भरावावर आणि आमच्या गावाच्या गायरानात मी हे भुंगे गोळा करीत आहे. झाडावर पाहताना सगळे भुंगे एकसारखेच वाटतात. परंतु भिंगाखाली ओळीने मांडल्यावर त्यांच्यात इतके फरक दिसतात की वर्णनाला सुरुवात कोठून करावी आणि ते कोठे थांबवावे, हे ठरवणे अवघड झाले आहे.

बहुतेक भुंग्यांचे डोके आणि अग्रवक्षाची (डोक्यामागच्या छातीच्या पहिल्या भागाची) पाठ तपकिरी आहे, ढालपंख (पाठ झाकणारे कडक पुढचे पंख) मलईच्या रंगाचे आहेत आणि त्यांवर उभे, किंचित वळणदार, गडद तपकिरी पट्टे आहेत. काही भुंग्यांत शेजारचे दोन पट्टे मागच्या टोकाकडे एकमेकांना मिळतात, तर काहींत एखादा पट्टा मध्येच तुटतो आणि त्याचा मागचा तुकडा केवळ ठिपक्याएवढा उरतो. काहींच्या ढालपंखांचा मूळ रंग मलईचा नसून चांगला पिवळसर आहे, तर मोजके भुंगे इतके फिकट आहेत की पट्टे जेमतेम ओळखू येतात. आकारातही फरक आहे. लहान भुंगे 5 मिलिमीटरही भरत नाहीत आणि मोठे 6 च्या पुढे जातात.

वर्गातील काहींचे म्हणणे असे आहे की जुळलेल्या पट्ट्यांचे भुंगे ही वेगळी जात असावी. कपाशीवरच्या ढालकिड्यांचे (लेडीबर्ड भुंग्यांचे) उदाहरण देऊन दुसरे काही जण म्हणतात की एकाच जातीत अनेक नक्ष्या असू शकतात. मला दोन्ही बाजूंनी घाईने निष्कर्ष काढायचा नाही. या फरकांचे शास्त्रीय वर्णन करताना कोणती पद्धत वापरावी, शरीराचे कोणते भाग पाहावेत आणि मोजमाप कसे घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मभिंग (छत्रपती संभाजीनगर)

आपण निष्कर्षाची घाई केली नाही हे फार चांगले झाले. हा भुंगा ज्यात मोडतो त्या पानभुंग्यांच्या कुळात केवळ रंगावर विसंबून जाती ठरवल्या गेल्या आणि पुढे त्या एकाच जातीत विलीन कराव्या लागल्या, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून माझी पहिली विनंती अशी की वर्णन आणि अर्थ यांना वहीच्या एकाच पानावर आणू नका. भुंगा कसा दिसतो ते आधी लिहा. तो तसा का दिसतो हा विचार सर्व नमुन्यांच्या नोंदी पूर्ण झाल्यावर करा.

तत्पूर्वी नमुने कसे गोळा केले, हे तपासून पाहावे लागेल. हाताने भुंगे वेचणारा माणूस नकळत वेगळा दिसणारा भुंगा आधी उचलतो, कारण डोळा तिकडेच जातो. त्यामुळे जुळलेल्या पट्ट्यांचे भुंगे संग्रहात जितके दिसतात तितके ते शेतात असतीलच असे नाही. यावर उपाय सोपा आहे. ठरावीक अंतर चालून वाटेत येणाऱ्या दर दहाव्या झाडाशी थांबावे आणि त्या झाडावरचे सगळेच्या सगळे भुंगे घ्यावेत. चांगला नमुना, वाईट नमुना असा भेद करू नये. वेगळा दिसला म्हणून घेतलेला भुंगा स्वतंत्र डबीत ठेवावा आणि प्रमाण काढताना तो मोजू नये. आतापर्यंत जमवलेले भुंगे वर्णनासाठी निश्चित उपयोगी पडतील, परंतु कोणते रूप किती टक्के आहे हे सांगण्यासाठी नव्याने केलेले असे संकलनच ग्राह्य धरावे.

आता फिकट भुंग्यांबद्दल. त्यांना स्वतंत्र रूप समजण्यापूर्वी ते ताजे आहेत का, हे पाहावे. या भुंग्याची अळी मातीत शिरून कोषावस्थेत जाते, आणि कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या भुंग्याचे कवच मऊ आणि फिकट असते. ते पुढच्या काही तासांत आणि दिवसांत कडक होत जाते आणि रंगही हळूहळू गडद होतो. पेनाच्या बोथट टोकाने ढालपंख अगदी हलका दाबून पाहिला आणि तो दबून परत वर आला, तर तो भुंगा नवा आहे असे समजावे. अशा भुंग्यांच्या नोंदीत ‘कवच अद्याप कडक नाही’ असे लिहून त्यांना रंगाच्या तुलनेतून वगळावे. तुमचे जेमतेम दिसणाऱ्या पट्ट्यांचे बहुतेक भुंगे याच प्रकारचे निघतील, असा माझा कयास आहे. असा एखादा जिवंत भुंगा डबीत गाजरगवताची ताजी पाने देऊन आठवडाभर सांभाळला, तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

नक्षीचे वर्णन शब्दांत पसरट होऊ नये म्हणून पट्ट्यांना क्रमांक द्यावेत. दोन्ही ढालपंख पाठीवर जेथे मिळतात त्या सांध्यापासून बाहेरच्या कडेकडे मोजत जावे आणि प्रत्येक पट्ट्याची स्थिती पूर्ण, तुटलेला, शेजारच्याशी जुळलेला किंवा अनुपस्थित यांपैकी एका शब्दात लिहावी. तुटला असेल तर ढालपंखाच्या लांबीच्या कोणत्या भागात तुटला आणि जुळला असेल तर कोणत्या क्रमांकाच्या पट्ट्याशी, एवढे जोडले म्हणजे पुरे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे डाव्या आणि उजव्या ढालपंखाची नोंद स्वतंत्रपणे करावी. त्याचे कारण तुमच्या नोंदी आल्यावर सांगेन. आधी सांगितले तर नोंदीवर परिणाम होईल.

रंगासाठी ‘चॉकलेटी’, ‘बिस्किटी’ असे शब्द टाळावेत, कारण ते प्रत्येकाच्या मनात वेगळे असतात. एखादा छापील रंगतक्ता घ्यावा, एकाच खिडकीतल्या त्याच प्रकाशात, शक्यतो सकाळी, सगळे नमुने त्याच्याशी ताडून पाहावेत आणि तक्त्यातील क्रमांक लिहावा. छायाचित्र काढताना मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवावा आणि चौकटीत राखाडी कागदाचा तुकडा व मोजपट्टी असू द्यावी. पिवळसर छटेविषयी आणखी एक सांगतो. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले असतील तर पिवळे आणि तांबडे रंग त्यात उतरतात, तर गडद तपकिरी रंग बराच टिकतो. सुकवून ठेवलेल्या भुंग्यात शरीरातील चरबी पाझरली की मलईचा रंग तेलकट पिवळा दिसू लागतो. त्यामुळे मूळ रंगाची नोंद भुंगा जिवंत असतानाच व्हावी आणि नंतर नमुना कशात ठेवला तेही लिहावे.

आकाराबद्दल एक गैरसमज वारंवार आढळतो की लहान भुंगा म्हणजे कमी वयाचा भुंगा. कोषातून बाहेर आल्यावर भुंगा वाढत नाही. त्याचा आकार अळी असतानाच ठरून जातो. जेथे अळ्यांनी गाजरगवताचे अक्षरशः खराटे करून टाकले, तेथे उशिरा जन्मलेल्या अळ्यांना पोटभर खायला मिळत नाही आणि त्यांपासून होणारे भुंगे लहान राहतात. शिवाय मादी नरापेक्षा मोठी असते. म्हणून नर-मादी वेगळे केल्याशिवाय आणि त्या ठिकाणी झाडांची अवस्था काय होती हे लिहिल्याशिवाय आकाराच्या फरकाला अर्थ राहत नाही.

लांबी मोजताना डोक्यापासून मोजू नये, कारण डोके अग्रवक्षात कमी-अधिक आत ओढलेले असते. उदराच्या टोकापर्यंतही मोजू नये, कारण अंड्यांनी भरलेल्या मादीचे उदर ढालपंखांच्या बाहेर येते आणि सुकल्यावर आक्रसते. अग्रवक्षाच्या पुढच्या कडेपासून ढालपंखांच्या टोकापर्यंतचे अंतर, ढालपंखांची सर्वांत जास्त रुंदी आणि अग्रवक्षाची रुंदी ही तीन मापे विश्वासार्ह आहेत, कारण हे भाग कडक असतात आणि सुकल्यावर बदलत नाहीत.

मांजराखोरे (लातूर)

सूक्ष्मभिंग सरांनी लिहिलेले पटते. मी काही वर्षांपासून आमच्या भागात गाजरगवताला आवर घालण्यासाठी त्यावर हे भुंगे सोडण्याच्या कामात आहे, त्यामुळे हंगामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

ताई, आपण पावसाळा सुरू झाल्यापासूनचे सगळे भुंगे एकत्र मांडले असतील तर त्यांत किमान दोन पिढ्या मिसळलेल्या आहेत. आपल्याकडे पहिल्या चांगल्या पावसानंतर जे भुंगे गाजरगवतावर दिसतात ते त्या वर्षी जन्मलेले नसतात. मागच्या हंगामाच्या शेवटी मातीत शिरून सुप्तावस्थेत राहिलेले तेच भुंगे बाहेर येतात. कित्येक महिने जमिनीत काढलेल्या भुंग्याचा रंग आणि ऑगस्टमध्ये कोषातून निघालेल्या भुंग्याचा रंग यांची थेट तुलना करणे योग्य नाही. अंड्यापासून भुंगा होईपर्यंत साधारण महिनाभर लागतो, त्यामुळे जुलै अखेरपासून नव्या पिढीचे भुंगे जुन्यांत मिसळू लागतात. प्रत्येक डबीवर तारीख असेल तर हा गुंता सुटतो. तारीख नसेल तर तो सुटत नाही.

दुसरी बाब स्थळाची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकरी आणि ग्रामपंचायती हे भुंगे नेतात, आणि 16 ते 22 ऑगस्ट या गाजरगवत जागरूकता सप्ताहात अनेक गावांत ते सोडले जातात. कोठे सोडणी झाली आहे आणि कोठे भुंगे आपोआप पसरले आहेत, हे ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकांकडे विचारून घ्यावे. मोजक्या जोड्यांपासून वाढवलेले भुंगे एखाद्या गायरानात सोडलेले असतील, तर त्या जोड्यांची नक्षी तेथे जास्त प्रमाणात दिसणे स्वाभाविक आहे. त्याचा हवामानाशी किंवा मातीशी संबंध जोडता येणार नाही.

आणि नक्षी वारशाने येते की परिस्थितीमुळे, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे भुंगे पाळणे. हे काम खर्चाचे नाही. प्लॅस्टिकच्या बरणीत तळाशी चार बोटे ओलसर, चाळलेली माती, वर फांदीसह गाजरगवताचा पाला आणि तोंडाला मलमलीचे कापड एवढे पुरते. पाला रोज बदलावा आणि बरणीत पाणी साठू देऊ नये, कारण ओल जास्त झाली की मातीतले कोष बुरशीने जातात. आपली काळी माती चिकट असते, तिचे ढेकूळ बसले की भुंग्याला वर येता येत नाही. म्हणून तिच्यात निम्मी वाळू मिसळावी.

प्रयोगासाठी शेतातून पकडलेली मादी घेऊ नये. तिचे मीलन आधीच झालेले असते आणि तिच्या शरीरात साठलेल्या शुक्राणूंचा बाप कोण, हे आपल्याला कळत नाही. कोष वेगवेगळ्या लहान डब्यांत ठेवून त्यांतून निघालेल्या कोऱ्या माद्या घ्याव्यात आणि जुळलेल्या पट्ट्यांची मादी व तुटक पट्ट्यांचा नर अशी एकेक जोडी स्वतंत्र बरणीत सोडावी. त्यांना अंडी झाली, अळ्या निघाल्या, आणि त्यांच्या पिल्लांतून पुन्हा अंडी देणारी पिढी तयार झाली, तर ती दोन रूपे वेगळ्या जाती आहेत हे म्हणणे टिकणार नाही. जुलैमध्ये सुरुवात केली असती तर दोन पिढ्या सहज मिळाल्या असत्या; आता सुरुवात केली तरी एक पिढी हाती लागेल, कारण थंडी वाढू लागली की भुंगे खाणे सोडून मातीत जातात.

जाता जाता गाजरगवत हाताळण्याविषयी सांगतो. त्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते आणि परागकणांमुळे दम्याचा त्रास होतो. रोज पाला तोडायचा असेल तर हातमोजे आणि तोंडावर रुमाल आवश्यक आहे, यात हयगय करू नये.

कयाधूकाठ (हिंगोली)

दोघांचे मनापासून आभार. डब्यांवर तारखा आणि ठिकाणे लिहिलेली आहेत, त्यामुळे जुने-नवे भुंगे वेगळे करता येतील. दाबून पाहण्याची कसोटी लावली, तेव्हा सगळ्यांत फिकट भुंग्यांपैकी बहुतेकांचे कवच मऊ निघाले. दोन मात्र पूर्ण कडक आहेत आणि तरीही फिकट आहेत. ते मी बाजूला ठेवले आहेत.

डाव्या-उजव्या बाजूंची नोंद स्वतंत्रपणे केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्यांना आम्ही जुळलेल्या पट्ट्यांचे भुंगे म्हणत होतो, त्यांतील बऱ्याच भुंग्यांत पट्टे फक्त एकाच ढालपंखावर जुळलेले आहेत. एका मादीच्या उजव्या ढालपंखावर दोन पट्टे टोकाशी रुंद होऊन पूर्ण मिसळले आहेत आणि डाव्या ढालपंखावर त्याच जागी दोघांच्या मध्ये केसाएवढी बारीक मलईची रेघ स्पष्ट शिल्लक आहे. सर, आपण कारण नंतर सांगू असे लिहिले होते, ते हेच का?

यासोबत आणखी दोन शंका आहेत. शरीररचनेतील कोणते भाग जातीची ओळख पटवतात आणि कोणते व्यक्तीगणिक बदलतात? आणि वेगळ्या नक्षीला ‘व्हरायटी’ म्हणून नाव देण्याची जुन्या ग्रंथांतील पद्धत आज वापरता येते का?

सूक्ष्मभिंग (छत्रपती संभाजीनगर)

होय, कारण हेच. एका भुंग्याच्या दोन्ही बाजू एकाच अंड्यातून, त्याच आनुवंशिक सामग्रीतून आणि एकाच कोषात घडलेल्या असतात. त्यांपैकी एका बाजूला पट्टे जुळले आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तेवढ्या फरकासाठी वेगळी जात किंवा वेगळा वारसा असण्याची गरज नाही हे तो भुंगा स्वतःच सिद्ध करतो. कोषावस्थेत रंगद्रव्य पसरताना होणारा किरकोळ कमी-जास्तपणा एवढ्यासाठी पुरेसा असतो. तुमच्या प्रबंधात त्या मादीच्या दोन्ही ढालपंखांचे मोठे छायाचित्र अवश्य द्या. माझ्या मते तो तुमच्या संग्रहातील सर्वांत मोलाचा नमुना आहे.

मात्र यावरून सगळीच नक्षी योगायोगाची आहे असे समजू नये. ज्या भुंग्यांत दोन्ही बाजूंना पट्टे सारख्याच प्रमाणात जुळलेले आहेत त्यांचा गट वेगळा करावा, कारण वारशाचा भाग असलाच तर तो तेथे सापडेल. पाळण्याचा प्रयोगही याच गटातून करावा. तापमानाचाही विचार करावा लागेल. अनेक कीटकांत कोषावस्था थंड काळात गेली तर गडद रंगाचा विस्तार वाढतो, उष्ण काळात तो आक्रसतो. ऑक्टोबरमध्ये जमिनीत असलेल्या कोषांना रात्रीचा गारवा लागतो, ऑगस्टमधल्यांना तो लागत नाही. म्हणून गडद भुंग्यांच्या तारखा सलग मांडून पाहाव्यात.

या विषयात इतिहासाने दिलेला एक इशारा आहे. अमेरिकेत टॉवर नावाच्या संशोधकाने 1906 साली बटाट्यावरच्या कोलोराडो भुंग्यांच्या रंगभेदांवर मोठे काम प्रसिद्ध केले आणि उष्णता व आर्द्रता बदलून वारशाने टिकणारी नवी रूपे मिळाल्याचा दावा केला. त्याच्या निरीक्षणांचा पसारा थक्क करणारा होता, परंतु त्या प्रयोगांविषयी पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या आणि ते दावे टिकले नाहीत. परिस्थितीमुळे आलेला रंग आणि वारशाने आलेला रंग यांतील सीमारेषा नोंदींशिवाय आखता येत नाही.

याच कोलोराडो भुंग्याचे उदाहरण शरीररचनेच्या प्रश्नालाही लागू पडते. त्याच्याशी फार साम्य असलेली लेप्टिनोटार्सा जंक्टा ही दुसरी जात उत्तर अमेरिकेत आहे आणि दोघांच्याही ढालपंखांवर उभे काळे पट्टे असतात. तरीही भिंगाखाली फरक कळतो, कारण ढालपंखांवरील बारीक खळग्यांच्या ओळी जंक्टामध्ये नियमित असतात आणि कोलोराडो भुंग्यात वेड्यावाकड्या. रंग सारखा असून जाती दोन, किंवा रंग वेगळा असून जात एकच, या दोन्ही शक्यता कवचाच्या पोतावरून आणि अवयवांच्या घडणीवरून तपासल्या जातात. म्हणून तुमच्या दोन्ही रूपांच्या ढालपंखांवरील खळग्यांची मांडणी तिरप्या प्रकाशात नक्की पाहावी.

संग्रहपाल (परभणी)

शरीररचना आणि नावे यांबद्दलच्या प्रश्नांना मी उत्तर देतो, कारण महाविद्यालयीन संग्रह लावताना याच अडचणी मला रोज भेटतात.

आधी कुळाची आणि वंशाची खात्री करून घ्यावी. ढालकिडे आणि पानभुंगे यांची सरमिसळ विद्यार्थी नेहमी करतात. पानभुंग्याच्या पावलाला वरवर पाहता चार खंड दिसतात. प्रत्यक्षात ते पाच असतात आणि चौथा खंड तिसऱ्या रुंद, दुभंगलेल्या खंडाच्या खोबणीत लपलेला असतो. ढालकिड्याच्या पावलाला वरवर तीनच खंड दिसतात आणि त्याच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) आखूड, टोकाशी जाड असतात. त्यानंतर पावलाच्या टोकाच्या नख्या पाहाव्यात. झायगोग्रामा वंशात दोन्ही नख्या समांतर असून बुडाशी एकमेकींना जुळलेल्या असतात, तर कोलोराडो भुंग्याच्या लेप्टिनोटार्सा वंशात त्या सुट्या आणि फाकलेल्या असतात. ही लक्षणे भुंगा फिकट असो वा गडद, लहान असो वा मोठा, बदलत नाहीत. तुमच्या दोन्ही रूपांच्या नख्यांची रेखाचित्रे शेजारी-शेजारी काढली म्हणजे वर्गातील वादाचा निम्मा भाग संपेल.

नर-मादी ओळखताना केवळ आकारावर जाऊ नये. या उपकुळातील अनेक भुंग्यांत नराच्या पावलाचा पहिला खंड मादीपेक्षा रुंद असतो, तो आधी पाहावा. आणि प्रत्येक गटातील काही नमुने उघडून खात्री करावी. नराच्या जननांगाचा कडक भाग हा पानभुंग्यांत जात ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा अवयव मानला जातो, कारण दिसायला अगदी सारख्या जातींतही त्याच्या टोकाचा आकार वेगळा असतो. सुकलेला भुंगा कोमट पाण्यात मऊ करून घ्यावा, बारीक वाकड्या सुईने उदराच्या टोकाकडून तो भाग अलगद बाहेर काढावा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात मांसल भाग विरघळेपर्यंत ठेवावा, स्वच्छ पाण्यात धुवावा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून वरून आणि बाजूने अशी दोन चित्रे काढावीत. हे द्रावण त्वचा आणि डोळ्यांना घातक असते, त्यामुळे ते प्रयोगशाळेतच आणि शिक्षकांच्या समक्ष हाताळावे. मादीमधील शुक्राणूकोषाचा आकारही याच रीतीने पाहता येतो. काढलेला भाग ग्लिसरीनच्या सूक्ष्म नळीत घालून त्याच भुंग्याच्या टाचणीला लावावा; तो वेगळ्या पेटीत गेला की दोन्ही निरुपयोगी होतात.

टाचणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. भुंगे उजव्या ढालपंखातून टोचण्याची रीत आहे, परंतु 5-6 मिलिमीटरच्या भुंग्यात टाचणीने नक्षीचाच काही भाग नष्ट होतो, आणि तुम्हाला तर दोन्ही बाजूंची तुलना करायची आहे. त्यामुळे हे भुंगे त्रिकोणी जाड कागदाच्या टोकाला, शरीराच्या उजव्या अंगाला पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा अगदी लहान थेंब लावून चिकटवावेत. खालची बाजूही मोकळी राहिली पाहिजे. काकडी-दोडक्यावरच्या लाल भुंग्याची पाठ नारिंगी-तांबडी असते आणि पोटाची बाजू काळी, हे पाठ चिकटवून ठेवलेल्या किंवा केवळ वरून छायाचित्र काढलेल्या नमुन्यात एकदम हरवते. मेक्सिकन भुंग्यांतही खालच्या बाजूचा आणि पायांचा रंग तुम्ही अजून नोंदवलेला दिसत नाही, तो नोंदवावा.

आता नावांविषयी. भारतातील पानभुंग्यांवर समरेंद्र मौलिक यांनी 1919, 1926 आणि 1936 साली लिहिलेले खंड आजही आधारभूत आहेत. परंतु आपला भुंगा त्या खंडांत शोधू नये. पॅलिस्टर यांनी या जातीचे वर्णन 1953 साली मेक्सिकोतील नमुन्यांवरून केले आणि जैविक नियंत्रणासाठी ती बंगळुरू येथे 1983 साली आणून 1984 पासून मोकळी सोडण्यात आली. पुण्यात गाजरगवताची नोंद त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी झालेली होती. म्हणजे मराठवाड्यातले हे सगळे भुंगे बाहेरून आणलेल्या साठ्याचे वंशज आहेत. इतक्या थोड्या काळात येथे नवी जात तयार झाली असे म्हणायचे असेल तर त्यासाठी पट्ट्यांपेक्षा खूप भक्कम पुरावा लागेल.

‘व्हरायटी’चे म्हणाल, तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1960 नंतर ‘व्हरायटी’ किंवा ‘फॉर्म’ म्हणून दिलेले नवे नाव उपजातीच्याही खालच्या पातळीचे मानले जाते आणि त्याला शास्त्रीय नाव म्हणून स्थान मिळत नाही. त्यामुळे नाव देऊ नये. ‘रूप अ’, ‘रूप आ’ असे लिहून प्रत्येकाची पट्टे-क्रमांकांवरून व्याख्या द्यावी आणि मधली रूपे किती सापडली हे स्पष्ट सांगावे. मधली रूपे लपवली की दोन टोके वेगळी भासू लागतात. तुम्ही सांगितलेली ती केसाएवढी रेघ म्हणजे अशीच मधली पायरी आहे.

काम संपल्यावर प्रत्येक रूपाचे काही नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील पश्चिम प्रादेशिक केंद्रात जमा करण्याबाबत मार्गदर्शकांकरवी विचारणा करावी. महाविद्यालयाच्या पेटीतील नमुने वाळवी आणि दमट हवेने काही वर्षांत जातात, आणि नमुने गेले की वर्णन पडताळून पाहण्याची सोय राहत नाही.

बालाघाटवासी (बीड)

विषयाला धरूनच एक अनुभव नोंदवतो. आमच्याकडे ओढ्याच्या काठी बेशरम माजली आहे आणि तिच्या पानांवर कासवाच्या आकाराचे पानभुंगे असतात. त्यांतील ठिपक्यांच्या जातीत, म्हणजे अ‍ॅस्पिडिमॉर्फा मिलियारिसमध्ये, काळ्या ठिपक्यांचा आकार आणि संख्या झाडागणिक बदललेली दिसते. दुसरी एक जात जिवंतपणी सोन्यासारखी झळकते आणि मेल्यानंतर थोड्याच वेळात मातकट होते. तो सोनेरी रंग रंगद्रव्याचा नसून कवचातील ओलसर थरांवर पडणाऱ्या प्रकाशाचा असतो, त्यामुळे कवच सुकले की तो जातो. संग्रहातील मातकट नमुन्यावरून कोणी वर्णन केले तर वाचणाऱ्याला जिवंत भुंगा ओळखूच येणार नाही. जिवंतपणीच रंग नोंदवावा हे वर आले आहे. त्याची गरज किती आहे हे पाहायचे असेल तर हा भुंगा जरूर पाहावा.

कयाधूकाठ (हिंगोली)

सर्वांच्या सूचना मी मार्गदर्शकांना दाखवल्या. खालच्या बाजूचा रंग, नख्या आणि खळग्यांच्या ओळी आधी नोंदवून मग जननांगांकडे वळायचे ठरले आहे. दर दहाव्या झाडाचे नवे संकलन येत्या आठवड्यात कालव्याच्या भरावावर सुरू करते. तेथे सोडणी झालेली नाही असे गावातून कळले आहे. बाजूला ठेवलेले ते दोन कडक पण फिकट भुंगे जिवंत आहेत. त्यांचे काय करावे?

सूक्ष्मभिंग (छत्रपती संभाजीनगर)

त्यांना मारू नका. आधी दोघांची छायाचित्रे आणि रंगतक्त्यातील क्रमांक नोंदवून घ्या, मग प्रत्येकाला स्वतंत्र बरणीत ताजा पाला देऊन ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच प्रकाशात रंग ताडून पाहा. कवच कडक झाल्यानंतरही काही दिवस रंग गडद होत राहतो, त्यामुळे ते वयाने अजून नवे असण्याची शक्यता आहेच. दोन-तीन आठवड्यांनंतरही रंग तसाच राहिला आणि त्यांत एक नर व एक मादी निघाली, तर त्यांना एका बरणीत आणा. मात्र ती मादी शेतातून पकडलेली आहे, त्यामुळे मांजराखोरे यांनी सांगितलेली अडचण येथेही आहे आणि तिच्या पहिल्या अंड्यांवरून वारशाचा निष्कर्ष काढता येणार नाही. त्या अंड्यांपासून निघालेले कोष वेगवेगळे ठेवा, त्यांतून फिकट भुंगे निघाले तर त्यांच्या कोऱ्या माद्या फिकट नरांशी जुळवा, आणि त्या जोड्यांच्या पिल्लांची नोंद येथे कळवा.